खांदा कॉलनीतल्या न पटलेल्या प्रेमकथा

आमच्या खांदा कॉलनीतल्या कथा-ग्रुपमध्ये कथा फार थोड्या पूर्ण होतात, किस्से मात्र ठेवायला जागा पुरत नाही. त्यात प्रेमकथा असली की विचारूच नका. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही प्रधान सरांच्या हॉलमध्ये जमतो. सर कॉलेजातून रिटायर झालेले. कथेतलं प्रेम खरं कसं वाटावं, हा त्यांचा खास विषय. नियम एकच: वाचन झालं की प्रत्येकाने 'पटलं' किंवा 'नाही पटलं' म्हणायचं आणि का ते सांगायचं.

नीलेश आयटीतला, लग्न व्हायचंय. त्याचे नायक-नायिका उरणजवळच्या मोरा जेट्टीवर एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले, ते पार अंधार पडेपर्यंत. आमची रेहाना मूळची उरणची, शाळेत शिकवते. ती म्हणाली, "नाही पटलं. शेवटची लाँच सुटली. आता ही दोघं मुंबईला जाणार कशी?" प्रेमात भान राहत नाही, असं नीलेशचं म्हणणं. "अरे, तिथे मासळीचा वास असतो. त्याचं भान राहतंच."

मग तिने आणखी एक खोट काढली. नीलेशच्या एकाही कथेत नायिका जेवत नाही! पोराने मनावर घेतलं. पुढच्या कथेत पहिल्या भेटीला मिसळ, भांडणात पावभाजी आणि ब्रेकअपला फालुदा. ब्रेकअप पटलं, पण नायिकेच्या पोटाची सगळ्यांना काळजी लागली.

घरतकाका इथलेच, गावठाणातले. त्यांच्या नायिका सगळ्या बाविशीच्या. पण प्रत्येकीला चष्मा, प्रत्येकीचं माहेर पेणचं आणि प्रत्येकीचे गुडघे दुखतात. बाविसाव्या वर्षी गुडघे कसे दुखतील, असं सरांनी विचारलं. काका म्हणाले, "काय करू सर? आमची बायको सगला वाचते. मंग इचारते, ही कोन हाय?"

एकदा सर सांगत होते, नवरा-बायकोचं प्रेम न बोलता कळतं, ते तसंच लिहा. सांगता सांगता त्यांनी रिकामा कप मागे धरला. त्यांच्या बायकोने, सुधाकाकूंनी, आतून येऊन तो घेतला. सरांनी मान वळवली नाही. रेहाना माझ्या कानात म्हणाली, "उदाहरणासकट शिकवतात." मला हसू आलं आणि रागही आला.

गेल्या शनिवारी काकूच कागद घेऊन बाहेर आल्या. मीही एक लिहिलंय, म्हणाल्या. सर म्हणाले, "बरं, लवकर आटप. नीलेशची मोठी आहे."

काकू उभ्यानेच वाचू लागल्या. कथेतली बाई लग्न झाल्यापासून नवऱ्याचं ऐकत आलेली. तिने तोंड उघडलं की तिचं वाक्य तोच पूर्ण करतो, तेही चुकीचं. शेवटी ती ठरवते, नाशिकला बहिणीकडे जायचं, कायमचं. बॅग भरून झालेली असते, नवऱ्याला सांगायचं तेवढं बाकी असतं. कथेतल्या नवऱ्याचं नाव वेगळं होतं. बाकी काही वेगळं नव्हतं.

रेहाना खाली बघत 'पटलं' म्हणाली. घरतकाकाही तेच म्हणाले. नीलेशने नुसती मान डोलावली. सर आता काय म्हणतात, याची मला भीतीच वाटत होती.

सरांनी चष्मा काढून पुसला. "नाही पटलं. इतका बथ्थड नवरा असतो का कुठे? आणि ही बाई त्याला तोंडावर सांगत का नाही?"

काकूंनी कागदाची घडी घातली.

"सांगितलं की, आत्ताच."