समोरचं नमुना घर

आमच्या खिडकीसमोर बिल्डर कंपनीचं नमुना घर आहे. इंग्लंडमधल्या या गावात कंपनीने आधी एक गल्ली बांधली, मग गावोगावी वसाहती उभ्या केल्या, आणि गेल्या हिवाळ्यात ती बुडाली. आमचा रस्ता अर्धवटच राहिला. गटारांची झाकणं डांबराच्या वर आलेली आहेत. चालताना ठेच लागते, त्याचीही सवय झाली.

नमुना घरातलं जेवणाचं टेबल मात्र अजून मांडलेलं आहे. ते बघूनच आम्ही त्याच्या समोरचं हे घर घेतलं. अशा दाखवायच्या घरांत ताटल्या टेबलाला चिकटवलेल्या असतात, आणि खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड करतात, हे नंतर कळलं. तेव्हाही राग असा आला नाही.

रोज संध्याकाळी तिथला दिवा आपोआप लागायचा. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नसावं. "लागला बघ," असं म्हणत ही कुकर लावायला उठायची.

काल तो लागला नाही.

"वीज तोडली असेल," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली.

मग आपल्याही घरात दिवा लावायचाय, हे आम्हा दोघांनाही बराच वेळ सुचलं नाही.