तोमासाची बोटं

दोन्या तोमासाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. वयानं मोठ्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो. सान पेद्रोतल्या बायकांचे कुरळे केस औषध लावून सरळ करण्यात तिचा उभा जन्म गेला आणि त्या औषधानं तिची बोटं खाल्ली. औषध कातडीला भिडू नये म्हणून आधी ती आमच्या टाळूला, कानांना, मानेला व्हॅसलीनचा जाड थर देते. स्वतःच्या बोटांना मात्र काही नाही. "बोटं बुळबुळीत झाली की कंगवा निसटतो गं. आणि हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात."

लग्नाच्या आदल्या दिवशी माझी भाची यादिरा तिच्या खुर्चीत बसली. होणारी सासू नाकानं कांदे सोलणारी. "त्या झिपऱ्या घेऊन चर्चमध्ये येणार का?" असं तोंडावर म्हणाली होती. पोरीचा सगळा जीव त्या केसांत अडकलेला.

थर देता देता तोमासाचं बोट कानामागं थांबलं.

"खाजवलंस?"

"छे हो, दोन्या!"

मी चष्मा लावून पाहिलं. काही म्हणजे काही नव्हतं. "उगाच काय घाबरवता पोरीला?" मी म्हटलं. तोमासानं तिथलं व्हॅसलीन पुसलं आणि लिंबाचा थेंब टेकवला. यादिरा "आई गं!" करत खुर्चीतून उडाली. लग्नाच्या धास्तीनं रात्रभर डोकं खाजवत बसली होती बया!

मी तोंडात बोट घातलं. चष्मा लावून मला दिसेना, ते या बाईला ठसे नसलेल्या बोटांनी कळावं? काय म्हणावं याला!

"औषध लावणार नाही," तोमासा म्हणाली. यादिरा रडली, मी भांडले. ती ढिम्म. "ओरखड्यात औषध गेलं तर टक्कल पडेल. टकली नवरी चालेल का सासूला?" मग तिनं केस रोलरवर गुंडाळले, गरम हवेखाली ताणून ताणून सरळ केले. दिवस मावळेपर्यंत तिची भेगाळलेली बोटं लालबुंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये घामानं कपाळावरचे केस पुन्हा कुरळे झाले. सासूनं नाक मुरडलं. यादिरानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा हात सोडून ती सरळ तोमासापुढं वाकली, आशीर्वाद मागितला आणि हातपंख्याखाली लपवलेली ती बोटं ओढून घेऊन ओठांना लावली.

"देव तुझं भलं करो, पोरी," तोमासा म्हणाली. मग कानाशी लागून, "आणि आठवडाभर डोक्याला हात लावू नकोस."