जुन्या पिकअपचे नवे दिवे

त्या दिवशी आमच्या ठाण्यातले जमादार आठवडी बाजाराच्या बंदोबस्ताला गेले आणि परत आले नाहीत.

दिवेलागणीच्या सुमारास गावाबाहेरच्या पुलाजवळ त्यांच्या मोटरसायकलला मागून एका वाहनाने धडक दिली. बाजार करून परतणाऱ्या लोकांनी त्यांना जीपमध्ये घातले. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. मी पोहोचलो तेव्हा कुणीतरी त्यांची टोपी स्ट्रेचरवर पायांजवळ ठेवली होती.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, ती वर्षे. जमादार माझ्याहून वयाने मोठे होते. मला कामातून सवड मिळाली की पुस्तक उघडण्याची सवय होती आणि त्यावर त्यांची टिप्पणी ठरलेली असे. "सायेब, पुस्तकातला चोर शेवटच्या पानावर सापडते. आपल्याले तो पहिल्या पानावर लागते, नाई तं एसपी सायेब पान फाडतेत." त्यांच्या खुर्चीवर नंतर बरेच दिवस कोणी बसत नव्हते.

सकाळी उजेडात घटनास्थळाचा पंचनामा केला. तीन गोष्टी दिसल्या. डांबरावर ब्रेक लागल्याची खूण नव्हती. मोटरसायकलच्या लाल काचेबरोबर हेडलाइटच्या जाड, रेघांच्या काचेचे तुकडे पडले होते. आणि पुलाच्या थोडे पुढे, कडेच्या ओल्या मातीत, एक चारचाकी थांबल्याच्या खुणा होत्या. तिथून चपलांचे ठसे मागे आले होते. जमादार पडले होते त्या रस्त्याकडेच्या खळग्याच्या अगदी तोंडाशी ते ठसे थांबले होते. तिथून परत वळले होते. मदतीला आलेल्या लोकांच्या पावलांचा चिखल वेगळ्या बाजूला होता. हे ठसे एकट्याचे होते.

ठाण्याची लिखापढी करणारा रायटर खाली वाकून बघत होता. तो म्हणाला, "हा उतरला सायेब. इथं उभा राह्यला. पाह्यलं. अन् गेला."

मला वेगळे काही वाटले नाही. ब्रेक न मारता धडक देणारा, मग तडफडणाऱ्या माणसाजवळ उभा राहून निघून जाणारा माणूस मी मनात उभा केला. त्याला फक्त चेहरा लावायचा राहिला होता.

चेहरा दुपारीच मिळाला. एसटी स्टँडसमोरचा चहावाला अधूनमधून आम्हाला खबर देत असे. तो ठाण्याच्या मागच्या दाराने आला.

"सायेब, त्या जुन्या पिकअपवाल्यानं आज सकायीच डावा लाईट बदलला. मिस्त्रीच्या दुकानासमोर गाडी उभी होती, म्या सोताच्या डोयानं पाह्यली."

"गाड्यांचे दिवे फुटतात. त्यात काय?"

"फुटतेत ना. पन जमादाराशी त्याचं वाजलं होतं. त्या लाईटावरूनच! जमादारानं भर स्टँडवर गाडी अडवली, म्हने समोरच्याचे डोये फोडतं का? काढ हे बल्ब. तं हा म्हने, एक दिवस भेटा जमादार, मंग सांगतो. पन्नास लोकाईनं आयकलं."

पिकअपवाला परिसरातलाच होता. स्वतःची एकच जुनी गाडी, तो स्वतःच ड्रायव्हर. भाजीपाला, सरकी, लग्नाचे मांडव, जे मिळेल ते वाहायचा. त्याच्यावर आमच्याकडे एकही गुन्हा नव्हता. पण जुन्या गाडीला कोणी झगझगीत दिवे लावले की आमच्या खात्यात लगेच संशय येतो. रेती, सागवान, जनावरे, यापैकी काहीतरी अंधारात न्यायचे असते. आता त्यात एक मृत्यू होता.

आधी मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बोलका माणूस, हाताला ग्रीस.

"हाओ, बदलला ना सायेब. डावा फुटला होता. रोही धडकली म्हने."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे ती धडकणे रोजचेच.

"पहिल्यांदाच आला होता का?"

तो हसला. "पहिल्यांदा? पोयाच्या सनापासून माह्या डोक्यावर बसला आहे तो! आधी म्हने उजेड पडत नाई, मोठे बल्ब टाक. टाकले. मंग म्हने तरी पडत नाई. रिले लावला, बॅटरीपासून जाड वायर टाकली, जुन्या गाडीत करंट कमी पोचते म्हनून. तरी आला. रिफ्लेक्टर नवे टाकले. म्या म्हटलं, बाप्पा, एवढ्या उजेडात तं विमान उतरन! तं माह्यावरच चिडला. म्हने, तू मले फसवून राह्यला."

"मग बॅटरी टिकत होती का?"

"कायची टिकते! त्या गाडीचं डायनमो म्हातारं. दिवे लावून इंजिन बंद केलं का सेल्फ मारत नव्हता."

भंगाराच्या डब्यातून त्याने फुटलेला दिवा काढून दिला. पंचांसमोर तो जप्त केला. घटनास्थळावरचे तुकडे त्यात बरोबर बसले. आता वाहन नक्की झाले होते. त्याच संध्याकाळी पिकअपवाल्याला ताब्यात घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला माझ्यासमोर बसवले. आभाळ भरून आले होते, खोलीची एकुलती खिडकी लहान. तो हडकुळा माणूस खुर्चीच्या काठावर बसला. मी मुद्दाम काही वेळ बोललो नाही. गप्प बसले की माणूस आपणहून काहीतरी सांगू लागतो, हा माझा अनुभव होता.

तो बोलला, पण वेगळेच. "सायेब, लाईट तं लावा. अंधारात काय इचारता?"

रायटरने मान वर केली. मीही केली. डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती.

"सोंग करतो का बे?" रायटर ओरडला. मलाही तेच वाटले. मी गुपचूप टेबलाच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणालो, "त्या किल्ल्या दे इकडे." त्याचा हात टेबलावर फिरत राहिला. जुडग्याच्या अलीकडेच थांबला. मग तो म्हणाला, "कोनत्या?"

हेही सोंग असू शकते, असे मी स्वतःला बजावले. बाहेर त्याची बायको डबा घेऊन सकाळपासून बसली होती. मी तिला आत न बोलावता बाहेरच विचारले, तुझ्या नवऱ्याला दिसते का नीट?

तिने डबा बाजूला ठेवला. मग पदर चेहऱ्याकडे नेत म्हणाली, "म्या म्हटलं होतं सायेब, डोये दाखवा. तं म्हनत, माहे डोये चांगले आहेत, गाडीचे दिवे गेले आहेत. दिवसभर लोकाईच्या वावरात फवारनी, सांजच्याला गाडी. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती औंदा. फवारा सारा तोंडावर. घरी आले का म्हनत, आज लवकर अंधार पडला."

"मग गाडी कशाला चालवायची?"

"आंधया म्हटलं तं भाडं कोन देईन, सायेब?"

मी त्याला रुग्णालयात पाठवले. ज्या डॉक्टरांनी जमादारांची नाडी पाहिली होती त्यांनीच त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, खोलीतला दिवा मालवला, पुन्हा मारला. मला जवळ बोलावून दाखवले. त्याच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या होत्या आणि अंधारातही उघडत नव्हत्या. "हे कोणाला सोंग करून जमत नाही," डॉक्टर म्हणाले. "फवारणीच्या औषधाचा परिणाम आहे. भर दुपारी याचं कसंबसं चालत असेल. ऊन उतरलं की याच्यासाठी रात्र. गाडीला किती का दिवे लावा, उजेड डोळ्याच्या आत जायला वाट नाही."

मग त्याचा जबाब घेतला. या वेळी मी त्याला खिडकीजवळ बसवले.

"धाडकन आवाज आला. मले वाटलं रोहीच हाय. थांबलो. उतरलो."

"इंजिन बंद केलं?"

"कसं करू? पुन्हा सुरूच होत नव्हती. मागं गेलो. पाह्यलं. काईच नव्हतं सायेब. नुसता काया कुट्ट खड्डा."

"आवाज आला नाही कोणाचा?"

"गाडीचाच आवाज." मग म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानात आयकलं, जमादार गेले म्हून. पन मनाले म्हटलं, आपली तं रोहीच होती."

या शेवटच्या वाक्यावर माझा आजही पूर्ण विश्वास नाही. त्याला त्या सकाळी कळले असावे आणि त्याने ते स्वतःपासून लपवले असावे. पण पुलाजवळ उभा असताना त्याला दिसले नव्हते, हे खरे होते.

ठाण्यात हे कोणालाच नको होते. रायटर माझ्या टेबलासमोर उभा राहिला. "आपला मानूस गेला, सायेब. धमकी हाय, ठसे हायेत, ब्रेक नाई. खुनाचं तीनशे दोन लागते. तुमी हलकं कलम लावून राह्यले."

"ठसे तेच आहेत," मी म्हणालो. "त्यांचा अर्थ बदलला."

तो सलाम न करता गेला. मी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम लावले, जखमीला मदत न देता निघून गेल्याचे लावले आणि डॉक्टरांचे मत सोबत जोडले. पुढे कोर्टाने शिक्षा दिली, ती त्याने भोगली.

त्याआधी जमादारांच्या पत्नी मला भेटायला आल्या. मोठा मुलगा दाराशी उभा होता. त्यांनी कलम विचारले नाही. त्या म्हणाल्या, "सायेब, गावात म्हनतेत, तो आमच्या यायच्यापाशी उभा राहून गेला. मले एवढंच सांगा. त्यानं पाह्यलं का यायले?"

"तो पाहायलाच उतरला होता, वहिनी. त्याला दिसलं नाही."

"मंग यायले तं तो दिसला असन ना," त्या म्हणाल्या. "यायले वाटलं असन, आला कोनी तरी."

मी उठून दाराशी उभ्या मुलाला आत बोलावले.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की माणूस खोटे बोलतो, खूण बोलत नाही. पुढच्या नोकरीत मला एवढे जाणवले की खूण खरेही बोलत नाही. ती नुसती असते. तिच्या वतीने बोलतो तो तपास करणारा. त्या सकाळी ठशांशेजारी उभा असलेला मी शोकात होतो, आणि शोकाला कोणीतरी दुष्ट हवा असतो. त्यानंतर फवारणीच्या हंगामात नाकाबंदी लावली की मी लायसन्सआधी ड्रायव्हरच्या डोळ्यांत टॉर्च मारायला सांगत असे. माणसे हसत. पण काहींना आम्ही तिथूनच दवाखान्यात पाठवले.

मागच्या महिन्यात जुन्या ठाण्यावरून गेलो. जमादारांच्या पत्नी मुलाकडे राहायला गेल्या आहेत. पिकअपवाल्याची नजर बरीचशी परत आली, पण त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही आणि गाडी सोडवायलाही तो आला नाही. ती ठाण्यामागे जप्त वाहनांच्या रांगेत उभी आहे. टायर बसले आहेत. बॅटरी कोणीतरी काढून नेली आहे. दोन्ही दिवे शाबूत आहेत.