नाचता येतं, म्हणजे आजार खोटा

माझ्या आईला आमच्या घराने ढोंगी ठरवलं. शेवटपर्यंत तिने तेच ऐकलं.

आज तिची पुण्यतिथी. दरवर्षी काहीतरी गोड लिहिते. यंदा जमणार नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीत आमचं वकिलांचं घर. आईचा उजवा हात थरथरायचा. उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला चिकटायचे. डॉक्टर म्हणाले, कंपवात. म्हणजे आजचा पार्किन्सन्स.

कोजागिरीला आम्ही मुली अंगणात भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या खेळत होतो. ओसरीवर बसलेल्या आईने माझ्या टिपऱ्या मागितल्या.

उठली. आणि तालावर पाऊल टाकत अख्खा फेर धरला! कुठेही अडली नाही. मी आनंदाने ओरडलेच.

"टिपऱ्या वाजल्या का पाय आपसूक उठते व बाई," ती हसत म्हणाली. "थांबल्या का पुन्हा चिकटते."

दारात मोठेबाबा उभे होते. बाबांचे थोरले भाऊ, नामांकित वकील. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. म्हणून तिच्यादेखत बाबांना म्हणाले,

"सांग तुह्या बायकोले. नाचाले पाय चालते, अन् सैपाकघरात जायाले नाही चालत? नाटकं काहून करून राहिली?"

बाबा मान खाली घालून आत गेले.

तिने उत्तर देणं तर रीतीतच बसत नव्हतं.

झाला निकाल! दुसऱ्या दिवशी औषध बंद. टिपऱ्या बंबात. पाण्याची घागर पुन्हा तिच्या कमरेवर.

दिवाळीआधी ती घागरीसकट उंबऱ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणावरून परत उठलीच नाही.

"आता तरी नाटक नाही ना म्हणत?" एकदा तिने मला विचारलं.

म्हणत होते. मी सांगितलं नाही.

परवा फिजिओथेरपी शिकणाऱ्या नातीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. "आजी, ज्यांना नीट चालता येत नाही ना, ते पेशंट म्युझिकवर बघ कसे नाचतात! यावर चक्क रिसर्च चालू आहे."

पोरगी खुश. मला शिसारी आली. आईने हे अंगणात सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं, आणि तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला.

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर आईच्या फोटोशेजारी मोठेबाबांचा हार घातलेला फोटो. खाली कॅप्शन, 'आपल्या घराचे संस्कार'.

थू तुमच्या संस्कारांवर.

कुणाला श्रद्धांजली वाहायचीच असेल, तर फुलं आणि हात जोडलेले इमोजी नकोत. खाली एवढंच लिहा:

त्या खरंच आजारी होत्या.

आई, ऐकलंस ना?