एकशेऐंशी मीटर

सदर इसम: वय सत्तेचाळीस. हुद्दा: आरेखक, नगररचना कार्यालय. कुटुंब: आई. निवासस्थानापासून आरोग्य केंद्राचे अंतर: एकशेऐंशी मीटर. शेरा: सोयीचे.

अंतर त्यानेच मोजलं होतं, नकाशावर पट्टी ठेवून. पट्टीला रस्ता ओलांडावा लागत नाही. रस्त्याकडेचं पुरुषभर उंचीचं लोखंडी कुंपणही त्यानेच आखलेलं, अखंड. मध्ये वाट सोडली की रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ त्याच्या डोळ्यांत खुपते.

शनिवारी दुपारी आईला धाप लागली. तोंडात मारायचा फवारा संपलेला. केंद्र एकला बंद होणार. त्याची पाटी खिडकीतून वाचता येत होती. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, "वळसा आहे साहेब, पाऊण तास धरा."

साडेबाराला दोघं पायीच निघाली.

"फटीतून जाऊ," आई म्हणाली.

"कुठल्या?"

"पंक्चरवाल्यासमोरच्या. दोन गज कापलेत कुणीतरी, त्याचं भलं होवो. आम्ही सगळ्या म्हाताऱ्या तिथूनच जातो. तू बस रेघा मारत, तुला काय ठाऊक!"

त्याला ठाऊक होतं. सोमवारच्या पाहणीत त्यानेच लिहिलं होतं: 'मालमत्तेची नासधूस. तातडीने दुरुस्ती.' मंगळवारी वेल्डर येऊन गेला. कार्यालयाच्या इतिहासात तातडीने झालेलं हे पहिलंच काम.

आईने नव्या गजांवर हात ठेवला. छातीत शिट्टी वाजत होती.

"कुठल्या मेल्याने बुजवली?"

"सांगा की साहेब," पंक्चरवाला टायरमधून मान वर न काढता म्हणाला.

त्याने आईला पाठीवर घेतलं. सिग्नलपर्यंत सातशे मीटर, रस्ता ओलांडून तेवढंच परत. टेकायला बाक नाही. रिकामटेकडे बसतात म्हणून वगळलेला. सिग्नलपाशी आईचं बोलणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आई, फट मीच बुजवली," तो धावता धावता म्हणाला. "शिवी दे ना."

तिने दिली नाही. खांद्यावरचे हात सैल पडत होते.

नर्स कुलूप लावत होती. तिने आईची निळी नखं पाहिली आणि काही न विचारता दार उघडलं. मास्क चढला. मग रजिस्टर.

"एवढ्या जवळ राहता, आणि इतका उशीर?"

तो नखांकडे बघत उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती गुलाबी झाली. आईने मास्क बाजूला सारला.

"मेल्या," ती म्हणाली.

यायला एकतीस मिनिटं लागली होती. फटीतून चार लागत.