चौघींचा एकच क्लाउड

आमच्या मुलुंडच्या पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या दुपारपर्यंत गिऱ्हाईकं घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते आमच्याकडेच साठत राहतात. हल्ली तर त्यातले निम्मे मोबाईलचेच! मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तोंड पदवीधर आहे, म्हणून लिहायचं काम माझ्यावर आलं.

आम्ही चौघी. शालिनीताई वयाने मोठ्या, फोडणीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. लता कुडाळकडची, संगीता परभणीची. दोघींचे हात पोळ्यांवर आणि तोंडं एकमेकींवर. चौथी मी, सगळ्यांवर ओरडायला.

*

चौघींनी एकदमच नवे फोन घेतले. दुकानदार म्हणाला, "मौसी, ईमेल आयडी बोलो."

चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. तो वैतागला. "टेन्शन नको. केंद्राच्या नावाने एकच बनवतो आणि चारही फोनमध्ये टाकतो. पासवर्ड पण एकच. लक्षात ठेवायला इझी!"

"बेस्ट!" शालिनीताई म्हणाल्या. "एका पातेल्यात सगळ्यांचं शिजलं तर गॅस वाचतो."

झालं! चौघींचे नंबर, फोटो, व्हिडिओ, सगळं वर कुठेतरी एकाच क्लाउडमध्ये जाऊन बसायला लागलं, आणि तिथून चौघींच्या फोनमध्ये उतरायला लागलं. आम्हाला पत्ताच नाही!

*

नवऱ्याचं नाव आम्ही कोणीच फोनमध्ये टाकलेलं नव्हतं. चौघींनीही नुसतं "हे" म्हणून सेव्ह केलेलं. त्यामुळे प्रत्येकीच्या यादीत चार "हे"!

एका सकाळी संगीताने त्यातला एक "हे" दाबला आणि सुरूच झाली. "चक्कीवरून दळण आणलं का? की बसलात परत नाक्यावर पत्ते कुटत? लाज वाटते का जरा?"

पलीकडून हळूच आवाज आला, "आणतो."

तासाभराने शालिनीताईंचे मिस्टर पिठाचा डबा खांद्यावर घेऊन दारात हजर! घरात कधी पाण्याचा पेला न उचललेला माणूस! म्हणाले, "चक्कीवर विचारलं, केंद्राचं दळण कुठलं. हे दिलं."

शालिनीताईंनी संगीताला कोपऱ्यात नेलं. मला वाटलं, आता जुंपली. तर ताई म्हणतात कशा, "बाई गं, आठवड्यातून एकदा तू करत जा ना यांना फोन!"

*

शालिनीताईंच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. येणाऱ्या प्रत्येक मुलाचा फोटो ताईंच्या फोनमध्ये, तिथून क्लाउडमध्ये, आणि तिथून संगीताच्या फोनमध्ये. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण हे फोन हल्ली स्वतःच फोटो जोडतात, मागे गाणं लावतात आणि वर लिहितात, "तुमचे खास क्षण".

संगीताच्या नवऱ्याने फोन उघडला. गोड गोड म्युझिक, आणि एकामागून एक कोट घातलेली तरणी पोरं!

"कोण हे?" तो गरजला.

संगीता बिचारी खरं तेच बोलली. "मला काय माहीत? फोनमध्ये आपोआप येतात!"

शेवटी मलाच त्याच्या घरी जाऊन सांगावं लागलं, "अरे बाबा, ही शालिनीताईंच्या पोरीची स्थळं आहेत. तुझ्या बायकोला सैपाकातून डोकं वर काढायला वेळ नाही, ती कुठे खास क्षण काढणार?"

*

मग एक दिवस चारही फोन एकदम बोंबलले. क्लाउड फुल! दुकानदार म्हणाला, जागा विकत घ्या. मी म्हटलं, "घरात पसारा झाला की तू काय नवीन घर घेतोस? आधी अडगळ काढायची!"

अडगळ म्हणजे काय, तर शालिनीताईंचे देव. रोज सकाळी त्यांना देवांचे फोटो यायचे, आणि ताई एकही काढायला तयार नाहीत. "देव डिलीट कसा करू गं? पाप लागेल. त्याला नीट पोचवायला हवं."

त्यांनीच तोड काढली. देव आधी दुसऱ्याच्या घरी पाठवायचा, तो पोचला की मग आपल्या फोनमधून काढायचा. ताई चार दिवस भक्तिभावाने बसून सगळे देव पाठवत होत्या.

कोणाला? आम्हा तिघींना!

क्लाउडमधून निघालेले देव तिप्पट होऊन क्लाउडमध्येच परत आले.

*

संगीताने वेगळा मार्ग धरला. तिला कोणीतरी सांगितलं, ॲपमध्ये जाऊन "डेटा साफ करा" दाबायचं. तिने दिसेल त्या ॲपला साफ केलं. फोन दर वेळी विचारायचा, "नक्की का? हे परत मिळणार नाही." मी विचारलं, "अगं, तरी दाबलंस?" म्हणते, "एवढं विचारून करतोय, म्हणजे चांगल्या घरचा असणार!"

त्या साफसफाईत नवऱ्याचा गेम गेला. रंगीत गोळ्या फोडायचा. दोन वर्षं तो तिच्या फोनवर खेळत होता, कुठल्या कुठे पोचलेला, आणि गेम उघडला तर परत पहिली पायरी! माणूस दोन दिवस जेवला नाही.

"सासरे गेले तेव्हा पण एवढा खचून बसला नव्हता," संगीता म्हणाली.

*

पण लताचं प्रकरण मात्र आम्हाला सगळ्यांना जड गेलं.

लताचे वडील गेल्या वर्षी वारले. फोटोला उभा न राहणारा माणूस. त्यांचा एकच व्हिडिओ, गोठ्यातला, लताने गुपचूप काढलेला. रोज सकाळी तो बघितल्याशिवाय ती लाटणं हातात घ्यायची नाही. फोनमधली जागा वाचवायला तिने तो नुसता क्लाउडमध्ये ठेवलेला.

संगीताला आपल्या फोनमध्ये बनियनमधला अनोळखी म्हातारा दिसला. "हा कोण?" म्हणून तिने काढून टाकला. एकीकडून गेला की चौघींकडून जातो, तरीही तो फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यात राहिला असता. पण आमच्याकडे नियम आहे, केंद्र बंद करताना कचरा आत ठेवायचा नाही. शालिनीताई ओट्याचा डबा रिकामा करतात, आणि सवयीने फोनमधला पण!

सकाळी लता व्हिडिओ शोधते तर गायब. आम्हाला वाटलं, आरडाओरडा करेल. ती नुसती पोळपाटासमोर बसून राहिली. संगीता रडायला लागली, शालिनीताईंची फोडणी करपली.

मी म्हटलं, "लते, कोणाला पाठवला होतास का?"

ती आठवून म्हणाली, "एकदा चुकून गेललो. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर. पडवळाच्या भाजीचो फोटो घालूचो होतो, त्याऐवजी बाबा गेले. मी घाबरून ग्रुपवरचो डिलीट केलंय, तर माझ्याच फोनातून गेलो. बाकीच्यांकडे तसोच रवलो."

मी तिचा फोन ओढला आणि ग्रुपवर बोलून टाकलं, "ज्याच्याकडे आमचा गोठ्यातला म्हातारा असेल, त्याने तो ताबडतोब पाठवावा. म्हातारा येईपर्यंत आज एकाचाही डबा निघणार नाही!"

अख्खा ग्रुप हलला! कोणी लिहिलं, "बघितल्यासारखा वाटतो." कोणी लिहिलं, "माझ्याकडे नुसती गाय आहे, चालेल का?"

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या बिल्डिंगमधल्या, सातव्या मजल्यावरच्या गिऱ्हाईक मॅडम. रोज भाजीत खोट काढणाऱ्या! मी कंबर कसूनच फोन घेतला.

"आहे माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही तो परत तर नाही ना घेणार? माझी मुलगी तो लावल्याशिवाय घासच घेत नाही."

व्हिडिओ आला. चौघी फोनवर वाकलो. गोठा, रुसून बसलेली गाय, आणि बनियनमधले बाबा तिच्या तोंडाशी गवत धरून ओरडतायत, "खा गो! खा! नखरे कित्याक करतंस?"

मग एकदम त्यांचं लक्ष मोबाईलकडे गेलं आणि ते थेट आमच्यावरच खेकसले, "आणि तू काय बघत रवलंस? ठेव तो मोबाईल बाजूक! हातातला काम कोण करतलो, तुझो बापूस?"

लताने डोळे पुसले. "करतंय, बाबा," म्हणाली, आणि लाटणं उचललं.