परीक्षकांचा चेहरा

समस्त रत्नागिरीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पंच्याऐंशी साली आमच्या कॉलेजातल्या मुलींनी संगीताच्या इतिहासाची तोंडी परीक्षा कानांनी नव्हे, डोळ्यांनी दिली.

टेपवर गाणं लावायचं आणि आम्ही घराणं ओळखायचं, अशी ती परीक्षा. परीक्षक बाहेरचे, राजापूरहून सकाळच्या एसटीने आलेले. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. धोतरावर तांबडी धूळ, काखेत छत्री, आणि गाणं सुरू झालं की स्वतःचं भान नाही. इतका जीव लावून ऐकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्हाला मात्र त्या भान हरपण्याचा वेगळाच उपयोग सापडला.

पहिली मैत्रीण बाहेर येऊन कुजबुजली, "अगो, टेपकडे बघू नको, त्यांच्याकडे बघ! डोळे मिटले की किराणा, मांडीवर थाप पडली की आग्रा."

पाठोपाठ चौघी पास! मी आदल्या वर्षी याच विषयात आपटले होते, आणि पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं. आत गेले, बसले आणि परीक्षकांच्या पापण्यांवर नजर रोखली.

"बाळ, माझ्या तोंडावर काय लिहिलंय?" असं म्हणत त्यांनी टेप सुरू केला आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. आता समोर नुसती पाठ. आलाप संपला, ताना सुरू झाल्या आणि मी ओरडले,

"सर, जरा इकडे तोंड करा ना, मला ऐकूच येत नाहीये!"